शेवंताबाईंच्या भट्टीवरची काळी बिअर

वीस वर्षं मी सकाळी अकरा वाजता बिअर प्यायलो. त्याबद्दल मला पगार मिळाला, प्रॉव्हिडंट फंड मिळाला आणि निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ चार महिन्यांत बंद पडलं. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग जवळ सरकून विचारतो, "अशी नोकरी लागते कुठं?" लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या स्टँडवर, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेला आहे. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनीही आधी तेच विचारलं. त्यांना काहीतरी गमतीदार हवं आहे. सुरुवातीला थोडी गंमत देतो. पुढे जे आहे त्यात गंमत नाही, पण तेच लिहायचं म्हणून मी हो म्हणालो.

कारखान्याचं नाव सांगत नाही. प्रवरेच्या खोऱ्यात होता, आता तिथं दुसऱ्याच कुणाचं गोदाम आहे. मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. प्रयोगशाळा म्हणजे मी, एक सहायक, दोन सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रीज. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, चर्चच्या पंचांपैकी एक, आयुष्यात दारूला न शिवलेले. "धान्याच्या कारखान्यात केमिस्ट आहे," असं मी त्यांना सांगितलं होतं. बिअर जवापासून होते आणि जव हे धान्य आहे, तेव्हा हे काही खोटं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वडील वारले तेव्हा त्यांना एवढंच ठाऊक होतं. रविवारी चर्चमध्ये कुणी विचारलं तर माझी बायकोही तेच सांगायची. अर्धं खरं सांगून मोकळं व्हायची सवय मला अशी घरूनच लागली.

आता कामाबद्दल. चहा चाखणारा माणूस घोट तोंडात खेळवून थुंकतो. बिअरवाल्याला थुंकता येत नाही. तिचा कडवटपणा घोट खाली उतरताना जिभेच्या मुळाशी कळतो आणि उतरल्यावर किती वेळ रेंगाळतो, यावर निम्मा निकाल असतो. म्हणून गिळावं लागतं. गिळायचं किती, तर प्रत्येक ग्लासातले दोन घोट. आमच्या कमिटीत सहाजण होते. तळघरातल्या टाक्यांवरचे काळे नावाचे फोरमन, बाटल्या भरणाऱ्या विभागातले दोघे, हिशेब खात्यातला एक हेडक्लार्क, माझा सहायक आणि मी. सकाळपासून तंबाखू नाही, विडी नाही, कांदा-लसूण नाही, वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही. हेडक्लार्कच्या बायकोला त्या बिनलसणाच्या सकाळींचा इतका संशय आला की ती एक दिवस कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहिली.

समोर तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता कागदावर लिहायचं. एक ग्लास झाला की दुसऱ्याच्या आधी साधे कुरमुरे आणि पाणी. वाईट बिअरचे वास ठरलेले असतात. परदेशी पुस्तकात त्यांना भारी नावं होती, आमची नावं आमची होती. शिळ्या लोण्याचा वास, उकडलेल्या कणसाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. काळे सातवी नापास होते, पण ओलं गोणपाट त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. ते नुसता ग्लास नाकाशी नेऊन खाली ठेवायचे आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचे. समजायचं की ती टाकी गेली.

एक सांगतो आणि ते अभिमानाने सांगतो. मॅनेजर कितीही ओरडला तरी चाखण्याच्या कागदावर मी कधी खोटं लिहिलं नाही. माल विकायचा की गटारात सोडायचा हे ठरवणं त्याचं काम होतं. चवीला जे होतं ते मी लिहिलं.

तक्रारी घेऊन येणारी गिऱ्हाइकं हा आणखी एक प्रकार. नगरच्या कॅम्पातले एक निवृत्त कॅप्टन दर महिन्याला पत्र लिहायचे, आणि त्यात बिअरपेक्षा आमच्या बाटलीच्या बुचावर जास्त मजकूर असायचा. भंडारदऱ्याच्या एका हॉटेलवाल्याने माल आंबट आहे म्हणून परत पाठवला. मी स्वतः गेलो, तर त्याने खोकी उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये रचलेली. म्हणाला, "साहेब, लोकांना थंडी वाजती इथं, म्हनून गरम ठेवली."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या मालकांना स्टाउटची हुक्की आली. स्टाउट म्हणजे काळी बिअर. बाजार खुला झाला होता, पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत परदेशी माणसं उतरायला लागली होती, आणि मालक विलायतेला जाऊन कुठल्याशा खानावळीत काळी बिअर पिऊन आले होते. आल्या आल्या हुकूम सुटला, तीन महिन्यांत आपली स्टाउट पाहिजे.

स्टाउटचा काळा रंग आणि तिचा तो खास कडवटपणा येतो भाजलेल्या जवातून. जव कॉफीच्या बियांसारखे काळेभोर भाजायचे, पण जाळायचे नाहीत. यात फरक असतो तो एखाद्या मिनिटाचा. मिनिटभर अलीकडे थांबलात तर नुसता तपकिरी गोडसर माल, मिनिटभर पलीकडे गेलात तर राख. आमच्याकडे भाजायचं यंत्र नव्हतं. मी प्रयोगशाळेतल्या भट्टीत भाजून बघितलं, कँटीनच्या कढईत बघितलं, पुण्याहून कॉफी भाजायचा जुना ड्रम आणवून बघितला. कमिटीच्या कागदांवर निकाल यायचे ते असे: "राख", "जळका टायर". काळ्यांनी एकदा "विडीचं थोटूक" असं लिहिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

कोल्हारला रस्त्यालगत शेवंताबाईंची फुटाण्यांची भट्टी होती. मनमाडकडून येणारे ट्रकवाले मुद्दाम तिथं थांबायचे. पन्नाशीची, उंच, हाडापेराने दणकट बाई, कपाळ मोकळं. नवरा देशी दारू पिऊन पिऊन गेला होता, हे कोल्हारात कुणालाही विचारलं तरी कळायचं. मूल एकच, मुलगी सुमन, संगमनेरजवळ दिलेली. बाई वाळूत हरभरे भाजायच्या, आणि भाजताना कढईकडे फारसं बघायच्याच नाहीत. झारा फिरवता फिरवता गिऱ्हाइकाशी बोलत असायच्या आणि बोलता बोलता मध्येच थांबून कढई उतरवायच्या. एकदा मी विचारलं, कसं कळतं? त्या म्हणाल्या, "वास वळतो की."

"वळतो म्हणजे?"

"आता म्हंजे काय सांगू? रस्ता वळतो तसा वळतो. त्येच्या म्होरं गेलं की मंग माघारी येत न्हाई."

मी तिथंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर अर्धं पोतं जव घेऊन गेलो आणि काळे होईपर्यंत भाजून द्या म्हणालो. त्यांनी मूठभर जव हातात घेतले, एक दाणा दाताखाली फोडला.

"चांगलं धान्य हाय. करपवायचं कशापायी?"

माझ्या मनात वडिलांना सांगितलेलं वाक्य तयारच होतं. त्यात नवऱ्याची गोष्ट मला ठाऊक होती. दारूसाठी म्हटलं असतं तर बाईंनी पोतं रस्त्यावर फेकलं असतं, हेही ठाऊक होतं. जुने डॉक्टर अशक्त बायकांना बाळंतपणानंतर स्टाउट प्यायला सांगायचे, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी म्हणालो, "टॉनिक करतो आम्ही. बाळंतिणींसाठी."

बाईंचा चेहरा बदलला. तो चेहरा मला आजही आठवतो आणि आठवला की स्वतःची किळस येते. "बाळंतिनीसाठी व्हय?" म्हणाल्या आणि उठल्या. कढईतली वाळू काढून टाकली, कढई राखेने घासली, नवी वाळू चाळून घेतली. जव सुपात घेऊन खडे निवडले. आधी चार घाणे लहान लहान केले, प्रत्येक घाण्यातला दाणा चावून बघितला, दोन घाणे बाजूला सारले. हे सगळं त्यांनी मला न विचारता केलं. निघताना मला म्हणाल्या, "हे दोन घाणे नेऊ नगा. वास वळल्यावर उतरलेत. आजारी बाईला कडू लागंल."

त्या जवाची पहिली बिअर तयार झाली आणि चाखायच्या खोलीत आली. काळ्यांनी दोन घोटांवर तिसरा घेतला, जो नियमात बसत नाही. मग कागदावर लिहिलं, "तव्यावर किंचित करपलेला भाकरीचा पापुद्रा." मी बघितलं तर मलाही तेच वाटत होतं, फक्त शब्द सुचत नव्हता. कडवटपणा होता, पण तो गळ्याला ओरबाडत नव्हता. येऊन, बसून, निरोप घेऊन जात होता. पुढं पुण्याच्या एका हॉटेलात जाणकारांसमोर ती ठेवली तेव्हा त्यांनी कॉफी म्हटलं, चॉकलेट म्हटलं, विचारलं, जव कुठून भाजून आणता? मालक म्हणाले, ते आमचं गुपित आहे. मी शेजारीच उभा होतो आणि छाती फुगवून हसत होतो.

त्यानंतर महिन्याला तीन-तीन पोती कारखान्याच्या टेम्पोतून कोल्हारला जायला लागली. बाई दर वेळी विचारायच्या, "उतार पडतोय का बायांना?" मी सांगायचो, पडतोय. एकदा तर संगमनेरच्या एका बाईचं रक्त वाढलं, असंही सांगितलं. कुणाचं रक्त, कसलं रक्त! पण बाई इतक्या आनंदाने ऐकायच्या की थांबणं जमत नसे.

मग सुमन बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. सुमन अगदी वाळून गेली होती. मी जव न्यायला गेलो तेव्हा बाईंनी मला आत बोलावलं. पोरगी खाटेवर बसली होती, बाळ मांडीवर. बाई म्हणाल्या, "साहेब, आजवर कायबी मागितलं न्हाई. आपल्या टॉनिकची येक बाटली सुमनला द्या."

इथं खरं सांगायची संधी होती. मी म्हणालो, "देतो की. परवा आणतो."

संगमनेरच्या औषधाच्या दुकानातून रक्तवाढीच्या टॉनिकची मोठी बाटली घेतली. दुकानदार म्हणाला, चांगलं आहे, सगळे डॉक्टर देतात. तिच्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, ते बाईंना दाखवून चालणार नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेत कोमट पाण्यात बाटली बुडवून मी लेबल सोललं. बाटल्यांची लेबलं सोलणं आम्ही रोजच करायचो, हात बसलेला होता. पाण्यात लगदा झालेलं लेबल टोपलीत टाकलं. त्यावर बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं ते मी, प्रयोगशाळेचा प्रमुख, वाचलं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, एवढं सांगून बाटली बाईंच्या हातात दिली.

दीड महिन्यात सुमनच्या तोंडावर तेज आलं. बाई गावभर सांगत सुटल्या, माझ्या भट्टीवरच्या जवाचं टॉनिक हाय. शेजारणींना उरलेली बाटली दाखवायच्या. मला वाटलं, निभावलं. बाळंतीण बरी झाली, बाई खूश, स्टाउट खपतेय, यात कुणाचं काय वाईट झालं?

त्याच सुमाराला गावातल्या बायकांनी देशी दारूच्या दुकानासमोर मोर्चा न्यायचं ठरवलं. शेवंताबाई अर्थात पुढं होत्या. त्यांनी बोलायचं ठरलं होतं आणि नवऱ्याचं सगळं सांगायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. इतकी वर्षं त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या. दुकानासमोर शंभरेक बायका, रस्त्यावर बघ्यांची गर्दी. बाई बोलायला लागल्या तेव्हा दुकानदार पायरीवर आला आणि मोठ्याने म्हणाला, "आमाला कशापायी सांगतीस शेवंते? तुझ्याच भट्टीवर दारूचा माल भाजतोय. बिअरच्या कारखान्याचा टेम्पो दर महिन्याला तुझ्या दारात उभा ऱ्हातो, आंदळे हाय का आमी?"

हे मी बघितलं नाही, मला नंतर सांगितलं गेलं. बाईंनी म्हणे टेम्पोवरचं नाव कधी वाचलं नव्हतं, वाचता येतच नव्हतं. त्यांनी मागं वळून बायकांकडे बघितलं. बायकांमध्ये एक-दोन जणी हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, आन् ती बाटली? लेकीला पाजलेली? तेवढ्यावर मोर्चा फुटला. दुकान त्या दिवशीही उघडंच राहिलं.

चार दिवसांनी मी काहीच ठाऊक नसताना जव न्यायला गेलो, तर भट्टी थंड. तिन्ही पोती दारात रचलेली, तशीच कच्ची. बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"टॉनिक न्हवतं ना ते?"

मी नाही म्हणालो.

"दारू हुती."

"बिअर. हो."

"तुमी खरं सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनले असते. येवढं तरी मला म्हनू द्यायचं हुतं."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सुमनच्या सासरी बातमी पोचली होती. बाळंतिणीला न्यायला येणार होते, त्यांनी निरोप पाठवला होता की दारू पिऊन लेकराला अंगावर पाजणारी सून आम्हाला नको. आत सुमन रडत होती, तिचा आवाज बाहेर येत होता.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. बाटलीतलं टॉनिक विकतचं होतं, औषधाच्या दुकानातलं, बिअरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आता मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी तसंच बघितलं असतं. दुकानाची पावती नव्हती, लेबल मीच सोललं होतं. शेवटी म्हणालो, मी तिच्या सासरी येतो, तोंडाने सांगतो. त्या स्कूटरवर बसायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो, त्या पुढच्या बाकावर, मी मागं. पिशवीत उरलेली अर्धी बाटली होती.

सुमनचे सासरे दूध केंद्रावर होते. सकाळी गावचं दूध घ्यायचं, मोजायचं, तपासायचं. मिशीवाला, कडक, पण आडमुठा माणूस नव्हता. अंगणात खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. खोटं कुठं बोललो, कशासाठी बोललो, तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं कारखान्यात काम काय?"

"चाखायचं. माल चांगला की वाईट ते सांगायचं."

पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. "म्हंजे आपन येकाच धंद्यातले. दुधात पानी हाय का न्हाई ते मशीन लावायच्या आदी मी जिबंवर सांगतो. मशीन फसंल, जीब फसत न्हाई." त्यांनी बाईंकडून बाटली घेतली आणि माझ्यापुढं धरली. "शपता लई ऐकल्यात, त्या नकोत. चाखा आन् सांगा, दारू हाय का न्हाई. तुमची जीब म्हनंल ते मी मानीन."

मी खूश झालो. अक्षरशः खूश झालो. मला वाटलं, आता सुटलो. इतक्या वर्षांत माझ्या जिभेला एवढा मान कुणी दिला नव्हता, तो ह्या परक्या माणसाने अंगणात बसून दिला. बाटलीचं झाकण भरून घेतलं. आधी वास घेतला. लोखंडाचा वास, वर संत्र्याचा नकली वास, दाट पाक. आणि त्याच्या खाली आणखी एक. मी घोट तोंडात घेतला आणि गिळला, कारण गिळल्याशिवाय कळत नाही. घशात ऊब उतरली, मागून छातीपर्यंत गेली. मला त्याची मात्राही सांगता आली असती. नऊ-दहा टक्के, आमच्या स्टाउटच्या जवळजवळ दुप्पट. औषध टिकावं म्हणून त्या काळी कित्येक टॉनिकांत अल्कोहोल घालत असत. पदवीला असताना मी ते शिकलो होतो. त्या लेबलावरही बारीक अक्षरांत लिहिलेलं असणार.

दोन चमच्यांत असून असून किती असणार? कुणाला काहीही होणार नाही एवढंच. पण त्यांनी मात्रा विचारली नव्हती. हाय का न्हाई, एवढंच विचारलं होतं. घरातून सासू बघत होती, भिंतीशी शेवंताबाई उभ्या होत्या. "आहे, पण थोडी, सगळ्याच औषधात असते," असं वाक्य मी मनात एकदा म्हणून बघितलं. ते तिथं उभं राहणारं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "दारू नाही. लोहाचं औषध आहे."

सासऱ्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग मान हलवली. "बास. रयवारी न्यायला येतो सूनबाईला." सासूने आतून चहा पाठवला. चहाची मला काहीच चव लागली नाही.

माझ्या आयुष्यातला तो एकच खोटा निकाल. त्याने एका पोरीचा संसार वाचला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे आणि ते खोटंही नाही. रविवारी तिला नेलं. मुलगा आता मोठा झाला असेल. पण बाईंनी पुन्हा जव भाजले नाहीत. मालकांनी परराज्यातून तयार भाजलेले काळे जव मागवले, वर साखर जाळून केलेला रंग घातला. मी कागदावर "वेगळी आहे, हलकी आहे" असं खरं तेच लिहिलं, काळ्यांनी पुन्हा "थोटूक" लिहिलं. तरी ती बाजारात गेली आणि दोन वर्षांत बंद पडली. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही.

त्या दिवशी आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो. ऊन होतं. बाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता आणि रिकामी पिशवी हातात घट्ट धरली होती. बाटली सासऱ्यांनी ठेवून घेतली होती. मला वाटलं, त्या काहीतरी बरं बोलतील. निदान पोरीचं काम झालं, एवढं तरी म्हणतील.

"हुती ना त्यात?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याशी पुन्हा खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "होती," मी म्हणालो. "थोडी. मला तेव्हा माहीत नव्हतं, देवाशप्पथ."

"मला हुतं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"पयल्या दिशी बूच काढलं तवाच वास आला. वीस वरसं नवऱ्याच्या तोंडाला त्योच वास हुता, त्यो मी इसरंन व्हय? नाकानं मला तवाच सांगितलं, शेवंते, ही दारू हाय. पर तुमी शिकलेले. तुमी टॉनिक म्हनला. म्हनून मी माज्या नाकाला म्हनलं, गप बस. आन् माज्या हातानं चमचा भरून पोरीला पाजला."

संगमनेरकडून गाडी आली. रिकामीच होती. बाई पायरीवर चढल्या, मी मागोमाग दांड्याला हात घातला. त्या वळल्या.

"तुमी मागच्या गाडीनं या," म्हणाल्या.

मी मागच्या गाडीनं आलो.